दहा सेकंद

मंडळी, नमस्कार. पोहे-जिलबी झाल्यावर इंदूरकरांपुढे गंभीर बोलायचं म्हणजे जोखीमच. पण विषय याच गावातून सुरू होतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली इथेच झाला, किर्लोस्कर नाटक मंडळींनी केला. (१९२९चा बालविवाहविरोधी ‘सारडा कायदा’ हरबिलास सारडांच्या आडनावाचा, आपल्या शारदेचा नव्हे. हे अजून सांगावं लागतं.)

‘शारदा’ वाचताना मी दर वेळी एकाच जागी अडकते. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी ठरलेलं कोवळ्या शारदेचं लग्न मोडतं कशानं? त्याच्या वयानं नाही, पोरीच्या नकारानं तर नाहीच. वधूवर सगोत्र निघतात म्हणून! पुढे ती नदीवर जीव द्यायला निघते, तरुण कोदंड तिला वाचवतो, आणि तिचं पुन्हा लग्न लावता येईल का, याचा निकाल शंकराचार्य देतात. तुझं काय म्हणणं, हे ठरवणाऱ्यांपैकी कुणी विचारत नाही.

१९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेनं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणलं. तिथे लुटुपुटूच्या खटल्यात भ्रूणहत्येच्या आरोपी ठरवलेल्या, लग्न न झालेल्या शिक्षिका बेणारेबाईंना रीतसर विचारतात. वेळ किती? दहा सेकंद. मग त्या पानंच्या पानं बोलतात आणि सगळं कोर्ट पुतळ्यासारखं थिजलेलं असतं. प्रेक्षक ऐकतात, कोर्ट नाही. आणि हे कोर्ट म्हणजे कोण? हौशी नाटकवाली मंडळी. आपल्यासारखीच, वर्गणी भरणारी, एकमेकांना डब्यातलं खायला देणारी. तेंडुलकरांनी खलनायक आणला असता तर आपण सुटलो असतो.

आम्ही काही जणांनी एकदा या नाटकाचं वाचन केलं. माळव्यातली थंडी, सतरंजी, मध्ये शेगडी. त्या कोर्टातले न्यायाधीश काशीकर वाचणाऱ्या काकांनी कानकोरणं घरूनच आणलं होतं. ते कानात घातलं की हशा. मीही पोट धरून हसले. बेणारेबाईंचं ते शेवटचं स्वगत संपलं तेव्हा बेणारे वाचणाऱ्या मुलीच्या हातातले कागद हलत होते. एक वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या, “तरी बाईच्या जातीनं जरा सांभाळून राहावं की नाही?”

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मला बोलायचं होतं. पण वहिनी वयानं मोठ्या, चहा त्यांच्या घरचा. मी कप घेतला.

माझ्याकडे सौ. काशीकरांचं काम होतं. निघताना सगळे म्हणाले, ताई, तुमचं फार सहज झालं हो.