फुटक्या कपाचं पेंडंट

नमस्कार! कप फुटला की तुकडे कागदात गुंडाळायचे आणि कचऱ्यात टाकायचे, हीच आपली रीत. आज त्यातलाच एक तुकडा गळ्यात घालण्याजोगा करूया.

(तुकडा कॅमेऱ्याजवळ धरून)

हा बघा. वर काठाची निळी रेघ, खाली अर्धंच फूल. मला हे अर्धं फूलच आवडतं, कारण ही वस्तू आधी कप होती हे त्यावरून कळतं. म्हणून त्याच्यावर सोनेरी रंग वगैरे मारू नका.

चंदीगडचं रॉक गार्डन पाहिलंय? नेकचंद सैनी सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभारताना जुनी गावं पाडली गेली. तिथला राडारोडा, फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे असं सगळं गोळा करून त्यांनी सरकारी जंगलात गुपचूप ही बाग रचली. सरकारला पत्ता लागला तेव्हा ती पाडायचीच वेळ आली होती, पण लोकांनी उचलून धरली आणि १९७६ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिथल्या पुतळ्यांच्या अंगावर बांगड्यांचे तुकडे बसवलेत, आणि ते बांगड्यांचे आहेत हे लगेच ओळखू येतं.

आता कामाला लागू. तुकडा मोठा असेल तर जुन्या फडक्यात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि हातोडीने हलकेच ठोका.

खरी मेहनत आहे ती धार घालवण्यात. हार्डवेअरच्या दुकानातून काळा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर आणा: आधी १२० नंबर, मग २२०, शेवटी ४००. जुन्या वाडग्यात पाणी घ्या आणि तुकडा ओलाच ठेवून घासा. कोरडा अजिबात घासू नका! चिनी मातीची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. जुन्या कपांच्या झिलईत शिसंही असू शकतं, त्यामुळे हा वाडगा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. कडेवरून अंगठा फिरवा. कुठेही अडकला तर अजून घासा.

तारेसाठी जुन्या वायरिंगमधली एकेरी तांब्याची तार घ्या. वरचं प्लास्टिक ब्लेडने सोलून काढा, जाळू नका, तो धूर विषारी असतो. तार ताठर वाटली तर चिमट्यात धरून गॅसवर लालसर तापवा आणि पाण्यात सोडा. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. मग तुकड्याला फुलीसारखे दोन वळसे द्या, वर घट्ट पीळ घाला, उरलेल्या टोकाची कडी वळवा आणि टोक आत दाबून टाका.

तांबं काळवंडलं तर चिंच-मिठाने घासा. कानातलं करणार असाल तर हुक तेवढा चांदीचा घ्या.

आणि हो, घरात लोणच्याची फुटकी बरणी असेल तर तिचा तपकिरी काठ जपून ठेवा. जाड असतो, घासताना हात भरून येतात, पण काळ्या दोऱ्यात फार देखणा दिसतो.