सावली कुठे पडते?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आर्किटेक्चरच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवर घेऊन गेलो. वेळ मुद्दाम दुपारी दोनची. काम एवढंच, की माणसं कुठं उभी आहेत ते नकाशावर टिंबं काढून दाखवायचं. स्टँड नवाकोरा. समोर काच, वर पत्रा, आत चकचकीत स्टीलची बाकं. तासाभराने नकाशे पाहिले, तर बाकांवर एकही टिंब नाही! निम्मी गर्दी बाहेरच्या कडुनिंबाखाली, उरलेली एका जाहिरातीच्या फलकाच्या सावलीत. सावली सरकेल तशी ती रांगही सरकत होती. गाडी फलाटाला लागली की पिशव्या सावरत पळायचं.

शाश्वत वास्तुरचना म्हटलं की आपल्याला आधी छतावरची सौर पॅनेल आठवतात. पॅनेलशी माझं वैर नाही. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ मध्ये १२ मेगावॉटच्या प्रकल्पाच्या जोरावर पूर्णपणे सौर विजेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ ठरला. ते काम मोठंच. पण तापलेल्या पत्र्याखाली आधी दहा पंखे लावायचे आणि मग त्या पंख्यांसाठी पत्र्यावर पॅनेल बसवायची, हा द्राविडी प्राणायाम झाला. पत्रा तापला की तो तव्यासारखी खाली धग फेकतो, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर मारतो.

उपाय जुनेच आहेत. छत उंच ठेवा, माथ्याशी हवा निघायला फट ठेवा. गरम हवा वर चढून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. पश्चिमेला खोल पडवी द्या, म्हणजे उतरतं ऊन बाकांपर्यंत पोचत नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ते उभं राहिलं. दगडी नक्षीकाम, घुमट यांचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र तिथल्या कमानींच्या ओवऱ्या आणि उंच दालनं बघत बसतो. विजेच्या पंख्याचा भरवसा नसलेल्या काळातली ती रचना आहे. अर्थात मुंबईच्या दमट हवेत जे चालतं ते नागपूरला तसंच्या तसं चालणार नाही. मुंबईत वारा खेळता हवा. विदर्भात मे महिन्यातला तोच वारा भाजून काढतो, तिथे जाड भिंत, सावली आणि वाळ्याचा पडदा लागतो. सावंतवाडी आणि चंद्रपूरला एकाच नकाशाचं स्टँड बांधणं मला म्हणूनच पटत नाही.

आता पुण्याचं उदाहरण घ्या. सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्टेशनवर एक मार्गिका डोक्यावरून जाते, दुसरी जमिनीखालून. सर्वांत खोल भाग ३३.१ मीटरवर, म्हणजे सुमारे १०८ फूट. दहा मजली इमारत उलटी पुरली असं समजा! एरवी अशा खोलीवर पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवेच दिवे. इथे छताची रचना अशी केली आहे, की सूर्यप्रकाश थेट खालच्या फलाटापर्यंत उतरतो. विजेची बचत होतेच, शिवाय पहिल्यांदाच मेट्रोत बसणाऱ्या आजीबाईंना आपण कुठून उतरलो आणि वर कुठे जायचं हे पाटी न वाचता उमगतं.

आणखी एक गोष्ट बोलायची राहिली, पाडापाडीची. माणसाच्या कामांमुळे जगात हवेत सोडल्या जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटच्या निर्मितीचा. चांगल्या स्थितीतलं जुनं स्टँड पाडून त्या जागी ‘हरित’ इमारत बांधली, तर पहिल्या दिवशीच डोक्यावर कार्बनचं मोठं कर्ज असतं. जुन्या स्लॅबला वरून चुन्याचा पांढरा हात दिला, तुटक्या कपच्यांची चायना मोझॅक केली, तरी खालचा उकाडा चांगलाच उतरतो. पण चुन्याच्या हाताचं उद्घाटन करायला कोण येणार?

त्या दिवशी परतताना एका विद्यार्थिनीने आपला नकाशा पुढे केला. तिने टिंबांबरोबर कडुनिंबाचा घेरही मोजून काढला होता, आणि स्टीलची सगळी बाकं उचलून त्या घेरात मांडली होती. मी विचारलं, “आणि इमारत?” ती म्हणाली, “सर, ती पार्सल ऑफिसला देऊ.”