धुळीतला दाणा

[दृश्य : बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, मे महिन्याची अखेर. कोरडं शेत, बैलजोडी, पेरणीची कुरी, मागे उडणारी धूळ.]

आज २५ मे. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला. आभाळात ढगाचा पत्ता नाही, पायाखाली ढेकळं फुटतायत, आणि या शिवारात भाताची पेरणी चाललीय. चाड्यावरची मूठ सुटते, दाणा नळीतून खाली जातो, कुरीमागे धुळीचा लोट उठतो. म्हणून हिला म्हणायचं धूळवाफ पेरणी.

कोरड्या मातीत बी टाकणं बाहेरच्या माणसाला धाडस वाटेल. इथं तो पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. जुलैत खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस उसंत देत नाही. तोवर रोपानं पाय रोवलेले हवेत. म्हणून दाणा आधीच मातीत जाऊन बसतो आणि वळवाच्या सरीची वाट बघतो.

बांधावर टेकलेले तात्या म्हणतात, "रोहिणीत धुळीत पडाय पायजे बघ. पुढचं मिरग बघून घेतोय."

[दृश्य : पंचांगाचं पान. त्यावरून कॅमेरा बांधावरच्या करवंदीच्या जाळीवर.]

नक्षत्रं सूर्यावर चालतात. रोहिणी २५ मेच्या सुमाराला, मृग ७ किंवा ८ जूनला. त्यात फार तर एखाद्या दिवसाचा फरक. पाऊस मात्र पंचांग बघून येत नाही. म्हणून आमच्या आजीकडं दुसरंही पंचांग होतं. करवंदं काळी पडली का? बहाव्याचे पिवळे घोस गळायला लागले का? काजवे दिसले का? तिनं तारीख कधी सांगितली नाही. "जांभळं पडाय लागली की कौलं शेकारून घ्या," एवढंच सांगायची.

झाडापाखरांचंही असंच असतं. काही जीव दिवसाची लांबी मोजतात. बेळगावात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसापेक्षा पावणेदोन तासांहून थोडा जास्त असतो. फरक थोडा, पण वर्षानुवर्षं तोच. काही जीव गारठ्यावर आणि ओलीवर चालतात, आणि गारठा, ओल दरवर्षी बदलतात. या वेळा टिपणाऱ्या शास्त्राला फेनॉलॉजी म्हणतात. हा शब्द बेल्जियमच्या शार्ल मोरां यांनी १८४९ मध्ये वापरात आणला. जपानमध्ये क्योटोच्या चेरीचा बहर कधी आला, याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. २०२१ साली तो बहर २६ मार्चलाच आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकर.

[ध्वनी : पहाटेचं रान. पावशा.]

ऐका. "पेरते व्हा, पेरते व्हा." शेतकऱ्याला वाटतं, पाखरू आपल्याला सांगतंय. ते साद घालतंय जोडीदाराला, कारण सातभाई पाखरांची घरटी आता होणार आहेत आणि पावशाची मादी अंडं घालते ती सातभाईंच्या घरट्यात. पाऊस आला की पालवी, पालवीवर अळ्या, अळ्यांवर पिल्लं. या साखळीत माणूसही आहे. त्याचं भात त्याच ओलीवर उगवतं. पावशा त्याच्याशी बोलत नसेल, पण दोघांची वेळ एकच आहे, आणि मला हे त्या दंतकथेहून मोठं वाटतं.

भीमगडच्या जंगलात धनेशाची मादी उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. उंबर-वडाची फळं त्या दिवसांत पिकलेली हवीत, नाहीतर आतली पिल्लं उपाशी.

काजव्यांचा मुक्काम जेमतेम पंधरा दिवसांचा. त्याआधी त्यांच्या अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात. आणि चोर्ला घाटाच्या उतारांवरची कारवी सात वर्षं नुसती हिरवी राहते, मग एकाच पावसाळ्यात सगळी मिळून फुलते, जांभळी होते, बी धरते आणि वाळून जाते. एवढं बी एकदम पडतं की खाणारे खाऊन थकतात.

[दृश्य : पावसाळी सकाळ, वारुळाची जागा. अगदी जवळून.]

पण मला सगळ्यांत नवल वाटतं ते अळंब्यांचं.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी वाळवीची पाखरं उडतात. दिव्याभोवती घिरट्या घालतात आणि सकाळी अंगणात नुसत्या पंखांचा सडा. त्याच वाळवीची जमिनीखाली बाग असते. चावलेल्या लाकडाच्या लगद्यावर ती बुरशी पोसते. पाऊस मुरला की त्या बुरशीचा देठ माती फोडून वर येतो. आधी बोटाएवढं टोक, करड्या टोपीचं. दुसऱ्या दिवशी उघडी छत्री. जाणत्या बाया पहाटे जातात, टोपी मिटलेली असतानाच खुडतात, आणि खालचं वारूळ उकरत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जागी यायचं असतं.

[दृश्य : जानेवारी. काजूची बाग, आभाळ भरलेलं.]

आता हिशेब चुकू लागलाय. आंब्याला मोहोर धरायला थंड रात्री लागतात. थंडी उशिरा आली की मोहोर लांबतो. ऐन मोहोरात आभाळ भरलं की तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग. काजूवर ढेकण्या ही कीड पडते, पालवी जळाल्यासारखी होते. एका वर्षी आमच्या घरची धूळवाफही गेली. वळवाच्या सरीवर दाणा उगवला आणि नंतर तीन आठवडे पाऊस गायब. कोवळी रोपं पिवळी पडून जमिनीला चिकटली. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी वडिलांनी पहिल्यांदा उधारी केली.

तेव्हापासून मी वहीत लिहितो. दारातल्या फणसाला पहिली कुवरी, म्हणजे कोवळं फळ, कधी दिसली, जांभळाला फुलोरा कधी, पहिला काजवा कधी. देशभर अनेक जण ठरावीक झाडाची पानं, फुलं, फळं अशीच टिपतात. 'सीझनवॉच' हा उपक्रम त्यासाठीच आहे. अथणीच्या कोरडवाहू रानातली बाभूळ आणि कणकुंबीच्या धुक्यातलं जांभूळ, जिल्हा एक पण वेळा वेगळ्या. दोन्हीकडं लिहिणारी माणसं हवीत.

[दृश्य : पुन्हा तेच शेत. ३ जून. तीन दिवसांपूर्वी वळीव पडलाय.]

तात्या वाकतात. बोटानं ओळीतली माती बाजूला करतात. खाली अजून कोरडी आहे, वर चार बोटं ओल. एक दाणा तळहातावर घेतात. फुगलाय. टोकाला पांढरा ठिपका, मोहरीएवढा.

तो दाणा ते परत त्याच जागी ठेवतात आणि वर माती सारतात.

[ध्वनी : पावशा. दूरवर गडगडाट.]