मतं मोजणार कोण? क्वाउतेमोक कार्देनास यांची राजकीय वाटचाल

मेक्सिकोच्या डाव्या राजकारणाचा विषय निघाला की हल्ली २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले लोपेस ओब्रादोर आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या क्लाउदिया शेइनबाउम ही नावं पुढे येतात. दोघेही ज्या पक्षातून वर आले, तो क्वाउतेमोक कार्देनास यांनी उभा केला. कार्देनास राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनदा लढले आणि तिन्ही वेळा हरले. त्यातली पहिली हार नीट समजून घेतली, तर पुढच्या तीस वर्षांचं मेक्सिकन राजकारण बरंचसं उलगडतं. म्हणून आजचा बहुतेक वेळ मी १९८८ ला देणार आहे.

जन्म १९३४ चा, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं. वडील लासारो कार्देनास, म्हणजे १९३८ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणारे आणि शेतकऱ्यांना जमिनी वाटणारे राष्ट्राध्यक्ष. मुलगा वडिलांच्याच सत्ताधारी पीआरआय पक्षात वाढला. आधी सिनेटर झाला, मग १९८० ते ८६ मिचोआकान राज्याचा गव्हर्नर. इथवर सगळं सरळ. अडचण आली ती उमेदवार निवडीच्या रीतीपाशी. पीआरआयमध्ये पुढचा उमेदवार मावळता राष्ट्राध्यक्ष स्वतः ठरवत असे. १९८२ च्या कर्जसंकटानंतर खर्चकपात आणि खासगीकरणाचं धोरण आलं. ते पुढे चालवणारा माणूसच निवडला जाणार हे दिसत होतं. तेव्हा कार्देनास, पोर्फिरिओ मुन्योस लेदो आणि इफिखेनिया मार्तीनेस यांनी पक्षातच 'लोकशाही प्रवाह' नावाचा गट काढला आणि खुल्या निवडीची मागणी केली. पक्षाने ती धुडकावली. उमेदवारी कार्लोस सालिनास यांना मिळाली.

आता प्रश्न होता लढायचं कसं. कायद्यात अपक्ष उमेदवाराला जागाच नव्हती. नोंदणीकृत पक्षाचं तिकीट हवं. पार्म नावाचा एक छोटा पक्ष होता. पूर्ण नाव 'मेक्सिकन क्रांतीचा अस्सल पक्ष', आणि हा अस्सल पक्ष अनेक दशकं पीआरआयच्याच उमेदवाराला पाठिंबा देत आला होता! १९८७ च्या ऑक्टोबरात त्याने कार्देनास यांना उमेदवारी दिली. पाठोपाठ असेच आणखी दोन पक्ष आले आणि त्यातून राष्ट्रीय लोकशाही आघाडी झाली. त्या वेळच्या कायद्याने अनेक पक्षांना एकच सामाईक उमेदवार देता येत असे. मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचा चौकोन वेगळा, आत नाव एकच, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी त्या सगळ्या मतांची बेरीज.

सोय मोठी, पण तिला एक फट होती. प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, हे पक्ष बहुतेक ठिकाणी आपापले उमेदवार उभे करून बसले. मतं फुटली आणि ३०० थेट मतदारसंघांपैकी २३० हून अधिक पीआरआयकडे गेले. हे महत्त्वाचं का, ते पुढे येईल.

प्रचाराला रंग चढला तो फेब्रुवारी १९८८ मध्ये, ला लागुना या कापसाच्या पट्ट्यात. लासारो कार्देनास यांनी १९३६ मध्ये तिथे जमीनवाटप केलं होतं. तिथले शेतकरी मुलाच्या सभेला लोटले. जूनमध्ये एबेर्तो कास्तिल्यो या जुन्या डाव्या नेत्याने स्वतःची उमेदवारी मागे घेऊन पाठिंबा दिला. मतदानाच्या चारच दिवस आधी कार्देनास यांचे निवडणूक यंत्रणा सांभाळणारे दोन सहकारी, ओवांदो आणि खिल, यांची हत्या झाली. पोलिंग एजंटांच्या जाळ्याची सूत्रं ज्यांच्या हाती, नेमके तेच गेले.

६ जुलै १९८८. आपल्याकडे १९५० पासून स्वतंत्र निवडणूक आयोग आहे, त्यामुळे हे चटकन पचत नाही: मेक्सिकोत निवडणूक आयोगाचे अध्यक्ष होते गृहमंत्री मनुएल बार्तलेट, आणि आयोगात बहुमत सत्ताधारी पक्षाचं. रात्री विरोधी प्रतिनिधींना संगणकावर काही केंद्रांचे आकडे दिसू लागले आणि मग पडदे बंद झाले. टेलिफोनच्या तारांवर ताण आला, असं कारण देण्यात आलं. 'सिस्टीम पडली' हा तिथला वाक्प्रचार इथून आला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मिगेल दे ला माद्रिद यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं, की सुरुवातीचे आकडे विरोधात जात होते म्हणून ते रोखले.

मात्र सगळा दोष संगणकाच्या माथी मारणं मला पटत नाही. मतं फिरवायची जागा मतदान केंद्रच होती. जिथे विरोधकांचा एजंट नाही, अशा ग्रामीण केंद्रांवर जवळपास सगळी मतं एकाच पक्षाला पडल्याची पत्रकं निघाली. एजंटाकडे पत्रकाची सही केलेली प्रत असेल तरच फरक दाखवता येतो. सुमारे ५५ हजार केंद्रांपैकी जवळजवळ २५ हजारांचे केंद्रनिहाय आकडे कधीच जाहीर झाले नाहीत. अधिकृत निकालात सालिनास जेमतेम ५० टक्क्यांवर, कार्देनास सुमारे ३१.

निकालावर शिक्कामोर्तब करायचं काम कोर्टाचं नव्हे, नव्या प्रतिनिधिगृहाचं होतं. तिथे ५०० पैकी (३०० थेट, बाकीच्या मतांच्या प्रमाणात) पीआरआयच्या जागा २६०. आता ती मघाची फट आठवा. मतपत्रिका संसद भवनाच्या तळघरात लष्कराच्या पहाऱ्यात पडून राहिल्या. पेट्या उघडा ही मागणी फेटाळली गेली, आणि १९९१ च्या अखेरीस पीआरआय आणि उजव्या पान पक्षाच्या मतांनी त्या जाळण्याचं ठरलं. खरोखर कोण जिंकलं, हे त्यामुळे आज कुणालाही ठामपणे सांगता येणार नाही.

लोक रस्त्यावर होते. कार्देनास यांनी उठावाची हाक दिली नाही, पक्ष बांधायला सांगितलं. काहींना तो भित्रेपणा वाटला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला तो सर्वांत शहाणा निर्णय. मे १९८९ मध्ये पीआरडी, म्हणजे 'लोकशाही क्रांतीचा पक्ष', स्थापन झाला, तोही कास्तिल्यो यांच्या पक्षाची नोंदणी वापरून. सरकारने इकडे १९९० च्या कायद्यात सामाईक उमेदवारीच बंद केली. पुढच्या वर्षांत पीआरडीचे शेकडो कार्यकर्ते मारले गेल्याचं पक्ष सांगतो.

१९९४ मध्ये कार्देनास तिसरे आले. त्या वर्षी दक्षिणेतल्या चियापास राज्यात झापातिस्त या सशस्त्र आदिवासी गटाचं बंड आणि पीआरआयच्या उमेदवाराची हत्या झाली होती, मतदार धास्तावलेला होता, आणि टीव्हीवरच्या वादविवादात कार्देनास अगदीच फिके पडले. ते वक्ते कधीच नव्हते.

बदल झाला तो यंत्रणेत. फोटो असलेलं मतदार ओळखपत्र आलं, केंद्रावरचे अधिकारी नागरिकांमधून जन्ममहिन्याप्रमाणे सोडत काढून निवडले जाऊ लागले, आणि १९९६ मध्ये आयोग गृहमंत्र्यांच्या हातून सुटला. राजधानीचा प्रमुख १९२८ पासून राष्ट्राध्यक्ष नेमत असे, तोही आता लोकांनी निवडायचा झाला. ६ जुलै १९९७ ला कार्देनास ती निवडणूक मोठ्या फरकाने जिंकले. त्याच दिवशी पीआरआयने प्रतिनिधिगृहातलं बहुमत गमावलं. पक्षाध्यक्ष तेव्हा लोपेस ओब्रादोर होते. घरोघर फिरणारी पथकं ही त्यांची करामत.

शहराचा कारभार मात्र बेताचाच झाला. मुदत तीनच वर्षांची, कर्जाची मर्यादा ठरवणार केंद्राची संसद. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी मध्येच पद सोडलं, रोसारिओ रोब्लेस यांच्या हाती कारभार दिला, आणि २००० मध्ये पुन्हा तिसरे आले. सत्तर वर्षांनी पीआरआय हरला खरा, पण जिंकला उजव्या पान पक्षाचा फॉक्स.

पीआरडीचं दुखणं आतलं होतं. पक्षात गट इतके, की लोक त्यांना 'टोळ्या' म्हणत. १९९९ ची अध्यक्षपदाची पक्षांतर्गत निवडणूक गैरप्रकारांमुळे रद्द करावी लागली. २००८ चीही वादात सापडली. मतचोरीविरुद्ध जन्मलेल्या पक्षाची ही गत! २०१२ मध्ये ओब्रादोर बाहेर पडले. २०१४ मध्ये इग्वाला शहरात ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले, तिथला महापौर पीआरडीचा होता. त्याच नोव्हेंबरात कार्देनास यांनी पक्षाचा राजीनामा दिला. नोंदणी टिकवायला किमान ३ टक्के मतं लागतात. २०२४ मध्ये पीआरडीला तेवढीही मिळाली नाहीत आणि राष्ट्रीय पक्ष म्हणून त्याची नोंदणी संपली. १९८८ चे गृहमंत्री बार्तलेट यांना मात्र २०१८ मध्ये ओब्रादोर यांनीच सरकारी वीज कंपनीच्या प्रमुखपदी बसवलं होतं.