एकोणतीस पेन्यांचा राजा

नमस्कार श्रोतेहो.

बंब पेटवायला रद्दी लागते, हे जुन्या घरांत वाढलेल्यांना सांगायला नको. इंग्लंडातही तेच. अठराव्या शतकात टॉमस पर्सी, हे पुढे बिशप झाले, शिफनल गावी एका मित्राकडे गेले होते. तिथे कपाटाखाली एक मळकी हस्तलिखित वही पडली होती आणि घरातल्या मोलकरणी तिचीच पानं फाडून शेकोटी पेटवत होत्या! पर्सींनी वही मागून घेतली. आत होती जुनी बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो, बॅलडला मात्र बहुधा कर्ताच सापडत नाही. १७६५ साली पर्सींनी त्यांतली काही छापली आणि छापताना ओळी ‘सुधारल्या’. ही सुधारण्याची खोड काही मला पटत नाही. आजीची ओवी आजीच्याच तोंडची हवी, तिचं व्याकरण तपासणारे आपण कोण? असो.

पर्सींनी छापलेलं एक गाणं आज सांगते. गाणं इंग्लंडच्या जॉन राजाचं आहे. जॉन गादीवर आला ११९९ साली. फ्रान्समधली नॉर्मंडी गमावली, करांनी सरदारांना पिळलं, कँटरबरीचा आर्चबिशप कोण यावरून थेट पोपशी भांडण काढलं. पोपच्या हुकमाने १२०८ पासून सहा वर्षं देशभर चर्चमधली उपासना जवळजवळ बंद होती! शेवटी १२१५ साली सरदारांनी त्याला मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मान्य करायला लावली. शाळेत आपण ते साल घोकलं. पण त्यातली मोठी कलमं ‘स्वतंत्र माणसा’साठी होती आणि जमीनदाराच्या शेतावर राबणारी कितीतरी कुळं स्वतंत्र नव्हतीच, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

तर गाणं. कँटरबरीचा मठाधिपती भलताच श्रीमंत. घरात शंभर माणसं, पन्नास सेवक मखमली कोट आणि सोन्याच्या साखळ्या घालून दिमतीला. राजाच्या पोटात दुखलं. “काय महाराज, माझ्यापेक्षा तुमचाच थाट मोठा? हा तर राजद्रोह! तीन प्रश्न सोडवा, नाहीतर मुंडकं जाईल.”

तीन प्रश्न. नीट ऐका हं. एक, मुकुट घालून सिंहासनावर बसलेल्या माझी किंमत किती, पेनीपर्यंत अचूक सांगा. दोन, घोड्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला मला किती वेळ लागेल? तीन, या क्षणी माझ्या मनात काय आहे? किंमत, प्रदक्षिणा, मन.

मुदत तीन आठवडे. मठाधिपती केंब्रिजला गेला, ऑक्सफर्डला गेला. एकाही पंडिताला उत्तर येईना. तोंड पाडून परतताना वाटेत त्याचाच मेंढपाळ भेटला, मेंढ्या कोंडायला निघालेला.

“धनी, चेहरा का असा?”

“तीन दिवसांचा सोबती आहे रे मी.”

सगळं ऐकून मेंढपाळ म्हणाला, “तुमचा झगा द्या, घोडा द्या, नोकर द्या. लोक म्हणतात मी तुमच्यासारखाच दिसतो. मी जातो लंडनला.”

दरबार भरला. किंमत?

“एकोणतीस पेन्या. येशूला तीस नाण्यांना विकलं होतं, महाराज. आपण त्याच्याहून एकाने तरी कमी असालच की!”

राजा हसला. इतका स्वस्त असेन असं वाटलं नव्हतं, म्हणाला. प्रदक्षिणा?

“सूर्याबरोबर उठा, सूर्याबरोबर दौडत राहा. दुसऱ्या दिवशी तो उगवेल तेव्हा, म्हणजे चोवीस तासांत, आपण परत इथेच.”

आणि मनात काय आहे?

“आपल्या मनात आहे की मी कँटरबरीचा मठाधिपती. पण मी त्यांचा गरीब मेंढपाळ आहे, त्यांना आणि मला माफी मागायला आलोय.”

आपल्याला इथे बिरबल आठवतो. युरोपात तर या गोष्टीची शेकडो रूपं अभ्यासकांनी गोळा केली आहेत.

राजा खूष. “आजपासून तूच मठाधिपती!”

“नको महाराज, मला लिहिता-वाचता येत नाही.”

मग राजाने त्याला आठवड्याला चार नोबल लावून दिले. गंमत म्हणजे नोबल हे सोन्याचं नाणं १३४४ चं, जॉन १२१६ सालीच वारला. गाणाऱ्याने आपल्या माहितीतलं नाणं राजाच्या खिशात घातलं. मला अशा चुका फार आवडतात.

याच जॉनबद्दल सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या बखरीत एक वचन आहे, की नरक घाणेरडा खराच, पण जॉन तिथे गेल्याने तो आणखी विटाळला. आपलं गाणंही सुरुवातीला म्हणतं, याने अन्याय फार केला, न्याय थोडा. पण शेवटच्या ओळीत राजा मेंढपाळाला सांगतो, घरी गेलास की तुझ्या म्हाताऱ्या धन्याला सांग, माफी घेऊन आलोय. कुणाकडून? तर ‘भल्या जॉन राजाकडून’.

नमस्कार.