पाठलाग कोण करणार?

(सायकलप्रेमींसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय ‘मिलान–सान रेमोचा अंदाज कसा बांधावा’ असा छापलाय, म्हणजे इटलीतल्या त्या लांबलचक एकदिवसीय सायकल शर्यतीचा. तिथे मी पोचणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. ती उतरली, तर सान रेमो समजायला फार वेळ लागणार नाही.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री आपल्याकडे वाद रंगतात. कोणाचे पाय सध्या चांगले चालताहेत, मागच्या आठवड्यात कोणी किती वॉट काढले, कोणाचं वजन किती. तुमच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये हे आकडे आत्ताही असतील, आणि उरलेल्या निम्म्यांना ते रात्री बारानंतर येत असतील. आकड्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पहिल्या प्रश्नाशी. आपण विचारतो, ‘सगळ्यात ताकदवान कोण?’ एकदिवसीय शर्यतीत आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कोणी पळालं, तर पाठलाग कोण करणार?

समोरून वारा असताना बोपदेव घाटाच्या पायथ्यापर्यंत दुसऱ्याच्या चाकामागे बसून गेलेल्यांना यामागचं कारण सांगावं लागणार नाही. तरी एक आकडा सांगते, कारण तो मला फार आवडतो. बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य जथ्याचा, अभ्यास केला. जथ्याच्या पोटात, बऱ्याच मागे बसलेल्याला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने चालवणाऱ्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के निघाला. म्हणजे पुढचा माणूस वारा खातो आणि मागचे जवळपास फुकट येतात. सपाटीवर चाळीसच्या वर वेग गेला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते.

आता यातून काय होतं बघा. पुढे कोणीतरी सुटलंय. त्याला पकडणं मागच्या शंभर जणांच्या फायद्याचं आहे. पण पकडायचं म्हणजे कोणीतरी पुढे येऊन वारा खायचा, आणि जो खाईल तो शेवटच्या स्प्रिंटला रिकामा झालेला असेल. सोसायटीची लिफ्ट बंद पडते, ती सगळ्यांनाच हवी असते, पण दुरुस्तीचे पैसे ‘आधी पाचव्या मजल्यावाल्यांनी द्यावेत’ असं तिसरा मजला म्हणतो, तसंच हे. (हशा) हसताय, म्हणजे तुमच्याकडेही बंद आहे.

म्हणून शर्यतीचा अंदाज म्हणजे या खर्चाचा अंदाज. कोणाला तो परवडतो, कोणाला टाळता येतो, आणि टाळायला कोणाकडे सबळ कारण आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची रोड रेस, २५ जुलै २०२१. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या शर्यतीबद्दल जे बोललं गेलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

१३७ किलोमीटर, टोकियोच्या मुसाशिनोनोमोरी पार्कपासून फुजी स्पीडवेपर्यंत. मध्ये दोशी रोडचा लांबलचक चढ, पुढे कागोसाका खिंड, आणि जपानचा जुलै. एकूण ६७ जणी. एका देशाच्या जास्तीत जास्त चार. नेदरलँड्सच्या चौघींची नावं ऐका: मारियान फोस, लंडनची सुवर्णपदक विजेती. आना फान देर ब्रेखेन, रिओची सुवर्णपदक विजेती. आनेमीक फान फ्लोयटेन, २०१९ची विश्वविजेती. आणि डेमी फॉलरिंग, जिने त्याच वर्षी लिएज–बास्टोन–लिएज ही बेल्जियममधली मोठी शर्यत जिंकली होती. चारही जणी स्वतःच्या बळावर जिंकू शकणाऱ्या. आदल्या दिवशी कोणालाही विचारलं असतं, तर उत्तर एकच होतं: नेदरलँड्स, फक्त चौघींपैकी कोण ते सांगा.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. देशाची एकटीच स्पर्धक. गणितात पीएचडी, त्या वेळी लोझानच्या विद्यापीठात काम करत होती. २०१७मध्ये एका व्यावसायिक संघात होती, नंतर ते सोडलं. टोकियोत आली तेव्हा तिच्याकडे कोणत्याही व्यावसायिक संघाचा करार नव्हता. आखणी तिची तिने केलेली.

झेंडा पडला आणि पहिल्याच क्षणी तिने अटॅक केला, म्हणजे जोर लावून जथ्याच्या पुढे सुटली. तिच्यासोबत आणखी चौघी: पोलंडची आना प्लिख्ता, इस्रायलची ओमर शपीरा, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर, नामिबियाची वेरा लोझर. यातली एकही पदकाच्या यादीत कोणी धरलेली नव्हती. फरक वाढत वाढत दहा मिनिटांच्या पुढे गेला.

आता माझी तक्रार. नंतरच्या बातम्यांत आणि गप्पांत एकच वाक्य फिरलं: ‘पुढे कोणी आहे हे बाकीच्या विसरल्या, म्हणून ती जिंकली.’ ऑलिंपिकमध्ये रेडिओ नसतो, कानात कोणी फरक सांगत नाही. शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये प्लिख्ता आणि शपीरा पकडल्या गेल्या, तेव्हा बऱ्याच जणींना वाटलं की पुढचं सगळं संपलं. फान फ्लोयटेनने शेवटी जथ्यातून सुटून रेषा ओलांडली ती हात वर करून, आपण जिंकलो या समजुतीने. त्या फोटोवर जग हसलं. मला त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. वर्षानुवर्षं त्या एका दिवसासाठी घालवलेल्या बाईचा तो क्षण होता.

पण हा विसर पडला तो शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये. त्याआधीच्या १३२ किलोमीटरचं काय? पाच जणी सुटल्या त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुटल्या. फरक दहा मिनिटांवर गेला तेव्हा पुढे कोणीतरी आहे हे जथ्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही पाठलाग झाला नाही. का?

हिशेब मांडून बघा. इटली, जर्मनी, ब्रिटन यांनी म्हणायचं, ‘नेदरलँड्सकडे चार विजेत्या आहेत, त्यांनी वारा खावा.’ आणि नेदरलँड्सकडे चार विजेत्या असल्यामुळेच वारा खायला कोणी नव्हतं! यातल्या कोणी शंभर किलोमीटर पुढे राहून ओढायचं? फोसने? की फान देर ब्रेखेनने? ऐंशी किलोमीटर ओढून मग बाजूला होणारी एक साधी, मेहनती सहकारी त्या संघात नव्हती. व्यावसायिक संघात सहा-सात जण असतात आणि त्यातल्या निम्म्यांचं कामच ते असतं. चारच्या संघात ती चैन परवडत नाही. पुढे फान फ्लोयटेन पन्नासेक किलोमीटर बाकी असताना एकटी निघाली. त्याआधी ती पडली होती, हेही ध्यानात घ्या. ती पुढे गेल्यावर मागच्या तिघी डच मुली ओढणार कशा? आपल्याच सहकारिणीला कोण पकडतं? म्हणजे जथ्यातला सगळ्यात ताकदवान संघ थंड बसला, आणि फान फ्लोयटेन नंतर पुन्हा जथ्यात आली.

इकडे कीझनहोफरने सुमारे ४१ किलोमीटर बाकी असताना प्लिख्ता आणि शपीराला मागे टाकलं आणि एकटी निघाली. रेषेवर फान फ्लोयटेन १ मिनिट १५ सेकंदांनी मागे. तिसरी आली इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी, आणखी १४ सेकंदांनी.

आणि ताकदीचंच म्हणाल, तर तीन दिवसांनी टाइम ट्रायल झाली. घड्याळाविरुद्ध, एकट्याने, कोणाच्या चाकामागे न बसता. ती कोणी जिंकली? फान फ्लोयटेनने. सुवर्णपदक. त्या आठवड्यात ताकद तिच्याकडे भरपूर होती. रविवारी कमी पडली ती पाठलाग करायची कोणाची तरी तयारी.

म्हणून कीझनहोफरला ‘नशीबवान’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दुबळ्या, एकट्या स्पर्धकाकडे असलेलं एकमेव खरं भांडवल तिने पुरेपूर वापरलं: तिच्यामागे धावायची जबाबदारी कोणाचीच नाही, हे. पहिल्या किलोमीटरला अटॅक करणं हा वेडेपणा नव्हता. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये तिने अटॅक केला असता, तर पाठलाग करायला तिथे पन्नास जणी ताज्या असत्या.

आता मागच्या रांगेतून हात वर झालाय, आणि प्रश्न मला न ऐकताच कळलाय: ‘मग पोगाचारचं काय?’ (हशा) बरोबर आहे. स्लोव्हेनियाचा ताडेई पोगाचार, २०२४ची झ्युरिकची विश्वविजेतेपदाची शर्यत. शंभर किलोमीटर बाकी असताना तो निघाला आणि जिंकला. तिथे ताकदच जिंकली की, असं तुम्ही म्हणाल. ताकद होतीच, मी नाही कुठे म्हणते? पण आधी सुटलेल्या गटात त्याचा स्लोव्हेनियाचा सहकारी यान त्रात्निक होता, त्याने मागे येऊन त्याला ओढलं. नंतर बराच वेळ त्याच्यासोबत राहिला तो फ्रान्सचा पावेल सिवाकोव, जो वर्षभर त्याच्याच व्यावसायिक संघातून खेळतो. विश्वविजेतेपदाला देशाची जर्सी असते, पण पगार वर्षभर दुसरीकडून येत असतो, हे पाहणाऱ्याने विसरू नये. आणि मागे दोन मोठे दावेदार, बेल्जियमचा एवेनेपूल आणि नेदरलँड्सचा फान देर पूल. दोघांपैकी जो संपूर्ण खर्च करेल, तो दुसऱ्याला फुकट रेषेवर नेऊन सोडेल. पोगाचारने ताकद वापरली ती नेमकी या पेचाच्या जागी.

एक उलटं उदाहरणही देते, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगते असं व्हायचं. नेदरलँड्समधली २०१९ची आम्स्टेल गोल्ड रेस. आलाफिलिप आणि फुग्लसांग पुढे, शर्यत दोघांतच संपणार असं दिसत होतं. शेवटी दोघंही एकमेकांकडे बघत थबकले. मागे मातियू फान देर पूलने ‘कोण ओढणार’ हा प्रश्नच बंद करून टाकला. सगळा वारा स्वतः खाल्ला, मागे बसलेल्यांना ओढत आणलं, पुढच्यांना शेवटच्या काहीशे मीटरमध्ये गाठलं, आणि वर स्प्रिंटही जिंकला. असा माणूस शर्यतीत असला की माझा सगळा हिशेब कोलमडतो. असे फार नसतात, एवढंच.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरली. तर आता सान रेमो, भरभर.

१९०७पासूनची शर्यत, सुमारे तीनशे किलोमीटर, व्यावसायिक एकदिवसीय शर्यतींमध्ये सगळ्यात लांब. पहिले अडीचशे किलोमीटर फक्त पाय जड करण्यासाठी. मग समुद्रकाठची छोटी टेकाडं, मग शेवटचे दोन चढ: आधी चिप्रेसा, मग पोज्जो. चिप्रेसा साडेपाच किलोमीटरचा, चार टक्क्यांच्या आसपास. पोज्जो ३.७ किलोमीटर, त्याहूनही सौम्य. पोज्जोच्या माथ्यापासून रेषा साडेपाच किलोमीटरवर. ‘घाटाचा राजा’ हा मान वेगळा आणि शर्यतीचं विजेतेपद वेगळं, हे मुंबई–पुणे शर्यत पाहिलेल्यांना सांगायला नको. पोज्जोवर पहिला आलेला सान रेमोत पहिला येईलच असं नाही.

अंदाज बांधताना मी तीन गोष्टी बघते. पहिली: पोज्जोच्या उतारानंतर जो गट असेल त्यात सगळ्यात वेगवान स्प्रिंटर कोण? तो तिथे असेल तर बाकी कोणीच ओढणार नाही. २०२१ आठवा. फान आर्ट, फान देर पूल, आलाफिलिप, तिघंही दावेदार, आणि सोबत वेगवान स्प्रिंटर केलेब यूअन. त्याला रेषेपर्यंत कोण नेऊन सोडेल? यास्पर स्टॉयवेन उतारानंतर निघाला, सगळे एकमेकांकडे बघत राहिले, आणि तो जिंकला. यूअन दुसरा. २०१८मध्ये निबालीने पोज्जोवरच हेच केलं, तेव्हाही दुसरा यूअनच.

दुसरी गोष्ट: चिप्रेसाचा उतार आणि पोज्जोचा पायथा यांच्यामधला सुमारे नऊ किलोमीटरचा सपाट रस्ता. चिप्रेसावर पळालेला एकटा माणूस इथे मरतो, म्हणून वर्षानुवर्षं तिथला अटॅक फुकट जात असे. २०२५मध्ये पोगाचारने तिथेच अटॅक केला, आणि त्याच्यासोबत टिकले ते फान देर पूल आणि गान्ना. आता मागचा हिशेब करा. तिघांचे तीन मोठे संघ पाठलागातून एकदम बाद झाले. आपलाच माणूस पुढे असताना कोणाचा संघ का ओढेल? तिघंही वाचले, आणि स्प्रिंट फान देर पूलने जिंकला. चढावर दोन सेकंद कमी-जास्त कोणाचे, यावर आपण महिनाभर वाद घातला. मागे तीन संघ गप्प बसले, यावर कोणीच बोललं नाही.

तिसरी, आणि शेवटची: कोणाच्या संघात असा मोठा माणूस आहे, जो स्वतः जिंकू शकत असूनही दुसऱ्यासाठी वारा खाईल? टोकियोत डच संघाकडे हेच नव्हतं. २०२४च्या सान रेमोत फान देर पूल विश्वविजेता होता, आदल्या वर्षीचा सान रेमो विजेताही होता. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये तो पुढे येऊन ओढत राहिला, पळणाऱ्यांना पकडलं, आणि त्याचा सहकारी फिलिप्सेन जिंकला. २०२५मध्ये महिलांची सान रेमो पुन्हा सुरू झाली. पोज्जोनंतर लोंगो बोर्गिनी एकटी पळाली, टोकियोत तिसरी आलेली तीच. अगदी शेवटपर्यंत पुढे होती. तेव्हा मागच्या गटात पुढे येऊन ओढलं ते लोट्टे कोपेकीने, विश्वविजेतीची जर्सी अंगात घालून. लोंगो बोर्गिनी रेषेच्या जवळ पकडली गेली, आणि कोपेकीची सहकारी लोरेना वीबेस जिंकली.

घंटा झाली. प्रश्न बाहेर चहाला घेऊ.