कोलंबसचा चेहरा नक्की कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय जुन्या छापील पोर्ट्रेट्सबद्दल, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले दर्यावर्दींचे चेहरे. पद्धत थोडक्यात सांगतो, पत्र्यावर कोरणीने बारीक रेघा कोरायच्या, रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखाली दाबायचा. रबरी शिक्क्यासारखं हे सगळं उलटं कोरावं लागतं, एवढं माहीत असलं की झालं.

आता थिओडोर द ब्रीची गोष्ट ऐका. हा माणूस आजच्या बेल्जियममधल्या लिएजचा, जन्म 1528 चा, पुढे फ्रँकफुर्टला स्थायिक झाला आणि अमेरिकेच्या सफरींची मोठमोठी सचित्र पुस्तकं छापली, स्वतः अमेरिकेत कधी पाऊल ठेवलं नाही तरी. 1595 मध्ये त्याने कोलंबसचं पोर्ट्रेट कोरून छापलं. कोलंबस गेला 1506 ला! मग हा चेहरा आला कुठून? द ब्रीने सांगितलं ते असं, की पहिल्या सफरीआधी स्पेनचा राजा फर्डिनांड आणि राणी इसाबेलाने मुद्दाम कोलंबसचं चित्र काढून घेतलं, परत आलाच नाही तर आठवण राहावी म्हणून, ते पुढे इंडीजच्या कौन्सिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुलखाचा कारभार बघणाऱ्या स्पेनच्या मंडळाच्या, दालनात लागलं, तिथून चोरीला गेलं, नेदरलँड्समध्ये विकलं गेलं आणि फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलं. काय झकास गोष्ट आहे ना! पण बघा, 1492 मध्ये कोलंबस म्हणजे दरबारात वर्षानुवर्षं खेटे घालणारा एक परदेशी खलाशी, त्याचं चित्र कोण कशाला काढून ठेवेल? शिवाय त्याच्या मुलाने, फर्नांडोने, बापाचं वर्णन लिहून ठेवलंय: चेहरा लांबट, डोळे फिक्या रंगाचे, केस तिशीतच पांढरे झालेले. द ब्रीचा कोलंबस मात्र चांगला भरल्या गालांचा. तरी लोकांनी तो खरा मानला आणि त्याच्या नकला निघत राहिल्या.

खरं सांगायचं तर, कोलंबस जिवंत असताना काढलेलं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं एकही चित्र आज नाही. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं प्रसिद्ध पेंटिंगसुद्धा 1519 चं, म्हणजे तो गेल्यानंतरचं. 1893 ला शिकागोच्या प्रदर्शनात त्याची 71 पोर्ट्रेट्स मांडली होती, एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळेना. म्हणून माझं ठाम मत आहे की शाळेच्या पुस्तकात असं चित्र छापलं तर खाली चित्रकार आणि साल यायलाच हवं, मुलांना तेवढं नक्की कळतं. आणि गोव्याला जाल तेव्हा नुसतं बॅसिलिका बघून मागे फिरू नका, समोरच्या ओल्ड गोवा म्युझियममध्ये पोर्तुगीज गव्हर्नर-व्हाइसरॉयांची पेंटिंग्ज आहेत, ती सुरू करून घेतली जुआंव द कास्त्रोने 1547 मध्ये, म्हणजे स्वतः व्हाइसरॉय राहिलेला वास्को द गामा जाऊन 23 वर्षं झाल्यावर.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कूकचं मात्र नशीब चांगलं. 1776 मध्ये तो स्वतः चित्रकार नॅथनिएल डान्ससमोर बसला, मग त्या पेंटिंगवरून शेरविनने पत्रा कोरला, आणि कूकच्या शेवटच्या सफरीत बरोबर असलेल्या डॉक्टर सॅमवेलने लिहून ठेवलं की मी पाहिलेल्यांत कूकसारखं दिसणारं चित्र हे एकच. असं जुनं चित्र हाती आलं तर आधी खालची बारीक अक्षरं वाचा, सहसा डावीकडे चित्रकाराचं नाव असतं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं. चेहरा नंतर बघा.